टेबलाखालील शाश्वत विकास : एक प्राथमिक मांडणी

कोणत्याही शास्त्राला हात घालण्यापूर्वी विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध या चार गोष्टी सांगून मोकळे व्हावे, असा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. तो पाळतो. प्रस्तुत प्रबंधाचा विषय आहे तालुका विज्ञान प्रदर्शनातले टेबल, आणि त्यातही टेबलावरून जमिनीपर्यंत सोडलेल्या चादरीच्या आतला भाग. प्रयोजन : या भागाकडे विद्वानांचे आजवर झालेले दुर्लक्ष दूर करणे. अधिकारी, म्हणजे वाचायला पात्र कोण, तर ज्याने आयुष्यात एकदा तरी रात्री अकरा वाजता “आई, उद्या मॉडेल न्यायचंय” हे वाक्य ऐकले आहे तो. संबंध म्हणाल तर टेबलाच्या वरच्या आणि खालच्या जगात आधार आणि आधेय हा संबंध असून, कोण कोणाचा आधार हेच पुढे सिद्ध करायचे आहे.

विज्ञान प्रदर्शन ही संस्था तशी जुनी. एनसीईआरटी १९७१ पासून मुलांचे राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन भरवत आली आहे. शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत मॉडेल तिथवर पोचते, पोचेपर्यंत टिकले तर. एके काळी या प्रदर्शनांवर ज्वालामुखीचे राज्य होते. अमोनियम डायक्रोमेटच्या नारिंगी ढिगाला काडी लावली की ठिणग्या उडत, हिरवी राख टेबलभर पसरे, परीक्षक दोन पावले मागे सरत आणि बक्षीस तिथल्या तिथे नक्की होई. हा पदार्थ कर्करोगाला निमंत्रण देणारा आहे हे पुरेसे ध्यानात आल्यावर तो ज्वालामुखी निवला. मग १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या जगापुढे ठेवली, आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टे व त्यांच्या पोटात १६९ लक्ष्ये ठरवून २०३० ची मुदत घातली. या साऱ्या घडामोडींचा तालुक्याच्या टेबलावर झालेला परिणाम एवढाच, की जिथे ज्वालामुखी होता तिथे बंगला आला.

या बंगल्याचा विचार सावकाश करायला हवा. विषय पाण्याचा असो, कचऱ्याचा असो की विजेचा, मॉडेलच्या मध्यभागी बंगला असतोच. त्याचे छप्पर उतरते आणि लाल. खिडक्या चार, दार एक. ज्या गावात असे छप्पर एकाही घराला नाही, त्या गावच्या शाळेचाही बंगला असाच. बंगल्यापुढे हिरवळ. हिरवळीच्या बाबतीत दोन संप्रदाय आहेत. भुसावादी लाकडाचा भुसा हिरव्या रंगात बुडवून, गच्चीवर वाळवून, फेव्हिकॉलवर भुरभुरवतात. घासणीवादी भांडी घासायची हिरवी घासणी कापून चिकटवतात. भुसा हुबेहूब दिसतो, हे घासणीवाद्यांनाही मान्य आहे. पण पंखा लागला की तो उडून परीक्षकांच्या चहात पडतो, हा त्यांचा आक्षेप भुसावाद्यांना आजवर खोडून काढता आलेला नाही. नदी निळ्या जिलेटिन कागदाची करावी, याविषयी मात्र दोघांचे एकमत आहे.

गाईचा प्रश्न अधिक गहन आहे. गाय जत्रेतून आलेली, मोटार धाकट्या भावाच्या खेळण्यांतून उचललेली, झाडे स्टेशनरीच्या दुकानातून पाकिटाने घेतलेली. तिघांची मापे तीन वेगळ्या कारखान्यांनी ठरवलेली असल्यामुळे शाश्वत भविष्यातली गाय मोटारीच्या दीडपट उंच असते आणि मान वर केली तर थेट बंगल्याच्या माडीवर बघू शकते. मॉडेल बायोगॅसचे असेल तर तिचे समर्थन करता येते. एवढ्या गाईच्या शेणावर एका घराची चूल आरामात चालेल. पण ‘भविष्यातील स्मार्ट रस्ते’ या मॉडेलवर ती दोन्ही लेन अडवून का उभी असते? प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण टेबलावर वास्तवाला धरून असलेली ती एकमेव गोष्ट आहे.

आणि या सगळ्याखाली थर्माकोल. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, तिच्यात सजावटीचा थर्माकोलही आला. प्लास्टिकबंदीचे महत्त्व सांगणारी मॉडेले त्यानंतर पुष्कळ झाली आणि त्यातली बरीच थर्माकोलवरच उभी राहिली, कारण दुसरे काही इतक्या सरळ रेषेत कापता येत नाही. थर्माकोलचे वकील सांगतात की त्यात ९८ टक्के तर हवाच आहे. खरे आहे. उरलेले दोन टक्के पॉलिस्टायरीन मात्र कुजायचे नाव घेत नाही. त्याचा स्वभाव कळायला रात्रीचे अकरा वाजावे लागतात. फेव्हिकॉल वाळायची वाट बघायला वेळ नसतो, म्हणून कोणीतरी फेविक्विकची ट्यूब काढतो. थेंब पडतो, आणि बंगल्याच्या भिंतीत खळगा पडून त्याच्या कडा आत आत ओढल्या जातात. छप्पर ऑइल पेंटने लाल करणाऱ्याचे छप्पर तर डोळ्यांदेखत बसते. कोणता द्रव कोणत्या प्लास्टिकला खातो, हे त्या मुलाला पुन्हा आयुष्यात कोणी शिकवावे लागत नाही. शिवाय कापताना उडालेले पांढरे दाणे आईच्या नायलॉनच्या साडीला चिकटतात, झटकावेत तर हाताला चिकटतात, हातावरून फुंकावेत तर पुन्हा साडीला. स्थितिक विजेचे इतके बिनचूक प्रात्यक्षिक दुसऱ्या दिवशीच्या एकाही टेबलावर नसते. इथेच आमच्या सिद्धान्ताचे बीज आहे : प्रदर्शनातले विज्ञान मांडलेल्या जागी सापडत नाही.

ते कुठे सापडते, याचा पहिला पुरावा उद्घाटनातच मिळतो. विज्ञान प्रदर्शन असल्यामुळे समई काडीने पेटवणे कमीपणाचे मानतात. वातीपाशी पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे ठेवलेले असतात. प्रमुख पाहुण्यांनी ड्रॉपरने त्यावर ग्लिसरीनचे थेंब टाकायचे आणि ज्योत आपोआप प्रकटायची. पण या अभिक्रियेला वेळ लागतो. खडे बारीक कुटलेले असले तर कमी, जाडे असले तर जास्त, आणि हवा गार असली तर आणखी जास्त. प्रदर्शने भरतात डिसेंबर-जानेवारीत, सकाळी. पाहुणे थेंब टाकतात आणि हात पुढे करून उभे राहतात. फोटोग्राफर एक डोळा मिटून उभा राहतो. निवेदक बाई “अंधाराकडून प्रकाशाकडे” हे वाक्य दुसऱ्यांदा म्हणतात. या अवधीत विज्ञानाच्या सरांचा उजवा हात हळूच पँटच्या खिशात जातो. त्या खिशात काडेपेटी असते. ती बाहेर काढावी लागली नाही तरी ती असते, आणि उद्घाटन तिच्या भरवशावर पार पडते. ही काडेपेटी आमच्या शास्त्रातील आद्य वस्तू होय.

आता चादर उचलून खाली पाहू. ‘पावसाचे पाणी साठवा’ या मॉडेलच्या खाली एक बादली असते. वर बंगला, छपराच्या कडेने सलाईनच्या नळीची पन्हळ, ती नळी ओळखीच्या कंपाउंडरकाकांकडून आणलेली. परीक्षक आले की एक मुलगा झाकणाला भोके पाडलेली लिटरची बाटली छपरावर उपडी करतो. छप्पर साधारण १५ सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर. हिशोब केला तर अर्ध्या मिनिटात सुमारे ६७ मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि मुंबई बुडाली. या बंगल्यावर तेवढा पाऊस सात मिनिटांत होतो आणि बंगला हूं की चूं करत नाही. पाणी पन्हळीतून टाकीत जाते, टाकी भरल्यावर छिद्रातून टेबलावर येते, टेबलावरून चादरीत, चादरीतून बादलीत. बादलीतले पाणी पुढच्या परीक्षकांसाठी पुन्हा बाटलीत भरतात. या संबंध मॉडेलमध्ये पाण्याचा पुनर्वापर खरोखर जर कुठे होत असेल तर तो इथे होतो, आणि त्याचा उल्लेख तक्त्यावर नसतो.

पुढचे टेबल कारखान्याचे. आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचे ठरलेले उदाहरण आहे : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे. विज्ञान प्रदर्शनात ही व्याप्ती अधिक काटेकोर करता येते. यत्र यत्र धूमः, तत्र तत्र उदबत्तिः। पुठ्ठ्याच्या चिमणीतून धूर निघतो आणि हवेच्या प्रदूषणाला मोगऱ्याचा वास येतो. कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रात धुरातली राख विद्युतभारित पट्ट्यांकडून ओढून घेतात. इथे ते काम जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि ओला स्पंज यांच्याकडे सोपवलेले असते. धूर स्पंजातून जाणे अपेक्षित असते. तो सांध्यातून जातो. मुलगी सांगते, “सर, इथे आपण बघू शकता, शुद्ध हवा बाहेर येते,” आणि सर शिंकतात. उदबत्ती अर्ध्या तासात संपते, त्यामुळे ती आधीपासून लावून ठेवणे परवडत नाही. म्हणून दारापाशी पाचवीतला एक पोरगा टेहळणीला उभा केलेला असतो. त्याने “आले रे, आले!” अशी आरोळी ठोकली की सगळ्या हॉलमध्ये एकदम उदबत्त्या लागतात, बाटल्या उपड्या होतात, बटणे दाबली जातात, आणि तालुक्यातला संपूर्ण शाश्वत विकास एकाच क्षणी सुरू होतो. परीक्षकांऐवजी चहावाला आत आला तर तो तितक्याच वेगाने बंद होतो.

विजेच्या टेबलांखाली सर्वांत जास्त गर्दी असते. पवनचक्की घ्या. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये दाखवून दिले की वाऱ्याच्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जाच पवनचक्की काढून घेऊ शकते. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावरच्या अजस्र पवनचक्क्यांनाही ही मर्यादा ओलांडता येत नाही. प्रदर्शनातल्या पवनचक्कीला तिच्याशी काही देणेघेणे नाही, कारण ती वाऱ्यावर चालतच नाही. बंद हॉलमध्ये वारा कुठला? तिच्या पाठीमागे छोटी मोटर, आणि चादरीखाली नऊ व्होल्टची बॅटरी. वीज खाऊन वारा घालणाऱ्या पवनचक्कीला घरोघरी वेगळे नाव आहे, पण तो मुद्दा परीक्षक काढत नाहीत. शेजारी सौर ऊर्जेचे टेबल. हॉलमध्ये सूर्य नसतो, म्हणून पॅनेलवर १०० वॅटचा बल्ब रोखलेला. बल्बाची वायर चादरीखालून एक्स्टेंशन बोर्डाला, बोर्ड मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या प्लगला. बल्ब लावला की पॅनेलला जोडलेला एलईडी लुकलुकतो आणि टाळ्या पडतात. असा एलईडी एका वॅटच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शावर भागतो. बल्बाला दिलेली वीज थेट दिली असती तर तसे दीड हजारांहून जास्त दिवे लागले असते. पण तेवढे एलईडी कोणाकडे नव्हते.

लुकलुकण्यावरून आठवले. मूल्यमापनाच्या तक्त्यात कल्पकता, वैज्ञानिक दृष्टिकोन, सामाजिक उपयोग, सादरीकरण असे रकाने असतात. दीर्घ निरीक्षणाअंती प्रस्तुत लेखकाचे मत असे झाले आहे की हे सर्व रकाने एकाच मूळ तत्त्वाची रूपे आहेत, आणि ते तत्त्व म्हणजे लुकलुक. जे मॉडेल लुकलुकते ते कल्पक. जे फिरते ते वैज्ञानिक. जे लुकलुकते, फिरते आणि शिवाय बझर वाजवते ते जिल्ह्याला जाते. या लुकलुक-सिद्धान्ताला अपवाद शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. एक सापडला, तो पुढे येईल.

प्रत्येक टेबलाला मुले दोन. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत एक नायक आणि एक सूत्रधार. नायक बोलतो. त्याचे भाषण पाठ असते : “नमस्कार सर. आज मी आपल्यासमोर जो प्रकल्प सादर करत आहे...” त्याला मध्येच अडवू नये. अडवले तर तो अदबीने थांबतो, प्रश्नाचे उत्तर म्हणून गोड हसतो आणि पुन्हा “नमस्कार सर”पासून सुरू करतो. सूत्रधार टेबलाखाली असतो. त्याच्या डाव्या हातात दोन उघड्या वायरी असतात. नायकाने “आणि अशा प्रकारे” म्हटले की त्या त्याने जुळवायच्या. हा मुलगा सहसा गणितात कच्चा, बोलायला लाजरा, आणि घरी मिक्सर उघडून पाहिल्याबद्दल मार खाल्लेला असतो. फोटोत त्याचे गुडघे येतात.

आता गतिरोधकाकडे वळू, कारण त्याच्याइतके दीर्घायुषी मॉडेल दुसरे नाही. रस्त्यावरच्या गतिरोधकाखाली स्प्रिंग आणि दात्यांची पट्टी बसवायची. गाडीच्या वजनाने ती दबली की डायनॅमो फिरणार, वीज मिळणार. दरवर्षी, दर तालुक्यात हे किमान एक टेबल असतेच. हजार किलोची मोटार दहा सेंटिमीटर खाली दबली, त्यातला कणभरही अंश वाया गेला नाही असे धरले, तरी हाती येतात ९८० ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एका युनिटासाठी साधारण ३,७०० मोटारी त्या गतिरोधकावरून जायला हव्यात. बरे, ही ऊर्जा आली कुठून? मोटारीला वर चढावे लागले, म्हणून तिच्या इंजिनातून, म्हणजे पेट्रोलमधून. इंजिनाची कार्यक्षमता पाव धरली तर त्या एका युनिटापायी सगळ्या मोटारवाल्यांचे मिळून जवळपास अर्धा लिटर पेट्रोल जाते. हा हिशोब एका परीक्षकांनी एका नायकापुढे मांडला होता. “म्हणजे बाळा, ही वीज तू गाडीवाल्याच्या टाकीतून काढलीस की नाही?” नायक गडबडला. टेबलाखालून आवाज आला, “पण सर, गाडीवाल्याला कळत नाही ना!” अप्रत्यक्ष करप्रणालीची याहून नेमकी व्याख्या निदान प्रस्तुत लेखकाच्या तरी वाचनात नाही.

साहित्याच्या अर्थशास्त्राविषयी थोडक्यात. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या विभागासाठी टाकाऊ वस्तू लागतात, आणि हव्या त्या वेळी घरात एकही वस्तू टाकाऊ नसते. मग सहा बाटल्या शीतपेय आणून संध्याकाळपर्यंत ते संपवावे लागते. चांगली सीडी टाकाऊ ठरते. भंगारवाला, ज्याला आपण वर्षभर रद्दी किलोच्या भावाने देतो, तो डिसेंबरात बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर नगावर विकतो. टाकाऊला बाजारभाव आणणारी एवढी प्रभावी योजना कोणत्याही नगरपालिकेला अजून जमलेली नाही.

तर तो अपवाद. कोपऱ्यातल्या टेबलावर, जिथे प्लगची सोय नव्हती म्हणून एका लहान शाळेला बसवले होते, दोन मडकी होती. मोठ्यात लहान, मध्ये ओली वाळू, वर ओले गोणपाट. लहान मडक्यात मेथीची जुडी आणि टोमॅटो. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने विटा आणि वाळू वापरून शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला आहे, त्याचेच हे मडक्यातले रूप. परीक्षक आले, वाकले, इकडून तिकडून पाहिले.

“यात फिरतं काय?”

“काही नाही, सर.”

“मग चालतं कसं?”

“सर, ते चालूच आहे.”

परीक्षकांनी काहीतरी लिहिले आणि पुढे गेले. तेवढ्यात लाइट गेली. बल्ब विझला, त्याबरोबर सौर ऊर्जा गेली. कारखान्याचा पंखा थांबला आणि धूर मोकळेपणाने हॉलमध्ये फिरू लागला. स्मार्ट रस्त्यावर गाय अंधारात दिसेनाशी झाली. बॅटरीवरची पवनचक्की तेवढी फिरत राहिली, पण तिच्याकडे पाहायला उजेड नव्हता. मडक्यातली मेथी गारच होती. एक लिटर पाणी बाष्प होऊन उडून जाताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता बरोबर नेते. गतिरोधकाच्या मापाने मोजायचे तर अडीच हजार मोटारींचे काम. हे सारे त्या कोपऱ्यात कोणाच्याही लक्षात न येता चाललेले होते. चादर उचलून खालीही पाहिले. खाली जेवणाचा डबा होता, बाकी काही नाही. आमच्या शास्त्रात बसत नसलेले ते एकमेव टेबल. त्याला उत्तेजनार्थ मिळाले.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो : कोवळ्या मुलांची अशी थट्टा करणे शोभते का? उत्तर असे की थट्टा मुलांची नाही, चादरीची आहे. चादरीखालचा मुलगा पहाटेपासून मोटर उलटी का फिरते हे शोधत असतो, वायरी अदलाबदल करून बघतो, बॅटरी गरम लागली की शॉर्ट कुठे झाला ते बोटांनी चाचपतो, गळती थांबवायला मेण लावतो, मेण निघाल्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधतो. हे सगळे तक्त्यावरच्या ‘उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष’ या चौकटीत कुठेच बसत नाही. ‘अडचणी’ असा रकाना काढून त्याला सगळ्यात जास्त गुण ठेवले, तर चादरी आपोआप वर खोचल्या जातील. असा प्रयत्न झालाच नाही असेही नाही. १९९३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत १० ते १७ वयाच्या मुलांना मॉडेल नव्हे, आपल्या भागातल्या प्रश्नाचा अभ्यास करायला सांगतात : गावातल्या विहिरींची पातळी मोजा, ओढ्याचे पाणी तपासा, कचरा वजन करा. तिथे बंगल्याला जागाच नाही, आणि गाय भेटते ती खऱ्या मापाची. इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेचे मॉडेल बनवायला १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. तमिळनाडूतल्या तिरुवन्नामलैच्या विनिशा उमाशंकरने रस्त्यावरच्या इस्त्रीवाल्याचा जळका कोळसा फेकलेला पाहिला आणि सौर ऊर्जेवर चालणारी इस्त्रीची गाडी कल्पिली. २०२० मध्ये तिला स्वीडनचा बाल हवामान पुरस्कार मिळाला, आणि २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ती जगाच्या पुढाऱ्यांसमोर बोलली. तिच्या कामात आमच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही, की इस्त्रीवाला आधी दिसला आणि गाडी नंतर सुचली. तालुक्याच्या टेबलावर बंगला आधी येतो आणि प्रश्न नंतर शोधतात.

उत्तरपक्ष इथे संपला असता, पण प्रदर्शनानंतरचे एक प्रकरण राहिले. निकाल लागतो, सत्कार होतात, भाषणे लांबतात, आणि जिल्ह्याला निवडलेले मॉडेल एसटीने न्यायचे ठरते. थर्माकोलचा बंगला मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेल्या मुलाला कंडक्टर विचारतो, “हे सामान की प्रवासी?” एकदा याच प्रवासात, एका फाट्यावरच्या खऱ्या गतिरोधकाने गतिरोधकापासून वीज निर्माण करणाऱ्या मॉडेलचे दोन तुकडे केले. किती वीज तयार झाली याची नोंद नाही. निवड न झालेली मॉडेले प्रयोगशाळेतल्या कपाटावर जातात. तिथे बंगल्याचे छप्पर उंदीर खातात, भुसा झडतो, गाय कोणीतरी घरी नेते.

फक्त मोटर कोणी वर ठेवत नाही. ती टेबलाखालच्या मुलाच्या दप्तरात जाते. प्रस्तुत लेखकाला ठाऊक असलेली एक मोटर मूळची एका टेपरेकॉर्डरमधली. गाण्यांचे दिवस संपल्यावर तिने एक वर्ष पवनचक्की फिरवली. पुढच्या वर्षी ओला-सुका कचरा वेगळा करणारा पट्टा चालवला, म्हणजे चालवायला हवा होता. पट्टा अडकायचा आणि कचरा हाताने वेगळा करावा लागायचा. नंतर ती बायोगॅसच्या टाकीत शेण ढवळायला होती, तिथे तिचा आस जाम झाला, तो रॉकेलमध्ये बुडवून मोकळा केला. मुलगा दहावी होऊन गेला तेव्हा त्याने ती सातवीतल्या एकाला दिली, वायरी कुठे सैल आहेत ते दाखवून. यंदाच्या प्रदर्शनात ती औषध फवारणीच्या ड्रोनवर आहे. ड्रोन उडत नाही, तो आइस्क्रीमच्या काड्यांवर बसवला आहे. पंखा मात्र चांगला फिरतो, आणि सातवीतल्या मुलाने त्याला दोन एलईडीही लावले आहेत.